बूच उघडायला कोणाला वेळ नाही

ट्रॅक्टरमागे लोखंडी रूळ जोडला आणि रानातून ओढत नेला की पेरणीनंतरची दाबणी झाली, असे ज्यांना ज्यांना वाटते, त्या सर्वांना उगवणीच्या वेळी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आणून उभे करावे, अशी माझी तीव्र इच्छा आहे. भाड्याने औत घेऊन येणारा चालक, ते औत घडवणारा कारखानदार आणि ‘सगळे सेट करून दिले आहे’ असे सांगत पावती फाडणारा विक्रेता, या तिघांचे एका बाबतीत कमालीचे एकमत असते. रूळ म्हणजे वजन, आणि वजनाला कसली आली आहे जुळवणी!

रब्बी ज्वारीला एकरी 4 किलोच्या आसपास बियाणे लागते, ते साधारण 2 इंच खोल पडते, आणि त्यानंतर पाऊस येईलच याची खात्री कोणी देत नाही. पीक जगते ते जमिनीत साठलेल्या ओलीवर. तासातली, म्हणजे पेरणीच्या ओळीतली, माती भुसभुशीत राहिली तर बियाभोवती पोकळी राहते, बियाला ओल भिडत नाही आणि वरची ओल वारा व ऊन दोघे मिळून पळवतात. एवढ्यासाठी रूळ फिरवायचा. परंतु तीच माती वाफशाआधी, म्हणजे ओल कामाजोगी उतरण्याआधी दाबली, तर वाळल्यावर वर अशी खपली धरते की कोंब तिच्याखाली वाकडा होऊन पिवळा पडतो. मूठभर माती घेऊन गोळा करावा, कमरेच्या उंचीवरून सोडावा, तो फुटला तर रान तयार आहे आणि चिखलासारखा चपटा झाला तर थांबावे, इतकी साधी परीक्षा आहे. ती करण्यासाठी सीटवरून खाली उतरावे लागते, हीच काय ती अडचण! ‘मालक, दाबलं म्हणजे दाबलं,’ हे उत्तर मला चालकाकडून मिळते.

रुळाचे पिंप पोकळ असते ते काही लोखंड वाचवण्यासाठी नव्हे. 18 इंच व्यासाचे आणि 6 फूट लांबीचे पिंप पाण्याने भरले की त्याचे वजन जवळजवळ 300 किलोने वाढते. मुरमाड, हलक्या पट्टीत ते भरून चालवावे आणि भारी, ओलसर रानात रिकामे करावे, हा त्यामागचा हेतू. आमच्याकडे जो रूळ येतो त्याच्या पाणी भरायच्या बुचावर कारखान्यातच रंग चढला आहे आणि बुचाच्या कडेने तो रंग आजही अखंड आहे. चहूकडचे लोखंड घासून चकचकीत झाले, तेवढा एक गोल मात्र नवाकोरा! ते बूच कोणी कधी उघडलेलेच नाही, मग वजन कमीजास्त करण्याची गोष्ट कोणाशी बोलायची?

माती खरवडणाऱ्या पट्टीची कथा याहून संतापजनक आहे. पट्टीच्या बोल्टसाठी लांबट भोके ठेवलेली असतात, ती पट्टी झिजेल तशी पुढे सरकवता यावी म्हणून. ती पिंपाला घासू नये, पण चिकट माती सुटेल इतकी जवळ असावी. प्रत्यक्षात तिच्या फटीतून माझी दोन बोटे आरपार जातात. परिणामी काळी माती पिंपाला थर धरते, त्या थराबरोबर तासातले बी उचलले जाते आणि पुढे कुठेतरी ढेकळासकट उघड्यावर पडते. पाखरांची सोय होते, माझ्या तासात मात्र नांगी पडते, म्हणजे उगवणीत मोकळी जागा राहते. त्यावरचा उपाय म्हणून चालक महाशय बांधावर थांबून विळ्याने माती खरवडतात, पण पान्याला हात लावत नाहीत.

औत वरखाली करणारा हायड्रॉलिकचा दांडा पूर्ण खाली सोडला नाही तर ट्रॅक्टरला उचलून जोडलेला रूळ खोलगट जागी लिंकच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोडदांड्यांच्या, आधाराने लटकत राहतो आणि तेवढा पट्टा न दाबताच सुटतो. औत उचलून धरणारा उजव्या बाजूचा लिफ्ट रॉड आखूड राहिला तर एक टोक रुतते, दुसरे तरंगते. दोन्ही गोष्टी दुरुस्त करायला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. चहा मात्र दोनदा होतो.

आणि मग वेग! दर एकरावर ठरलेला असल्याने गिअर असा टाकतात की रूळ जमिनीवर चालण्याऐवजी उड्या मारतो; जिथे आपटतो तिथे माती घट्ट, जिथून उडतो तिथे पोकळ. बांधाजवळ वळताना रूळ उचलायचा असतो, कारण एकसंध पिंप जागच्या जागी वळत नाही, ते आडवे फरपटते आणि पेरलेली तासे बाजूला लोटते. तरीही उचलायचा कंटाळा. दरवर्षी माझ्या रानाच्या दोन्ही टोकांना कमानीच्या आकाराचे उघडे पट्टे दिसतात, आणि बघणारे विचारतात, ‘तिथं पेरलं नव्हतं का?’

बैलाच्या औताच्या काळी फळीवर माणूस उभा राहायचा. ढेकळे आली की तो सगळा भार द्यायचा, ओलसर जागा आली की पाय काढून घ्यायचा. कोणतीही पुस्तिका नसताना वजनाची जुळवणी पायाखाली चालायची. आज हजारो रुपयांच्या औताला बूच, बोल्ट, दांडा सगळे दिलेले असताना त्यातले एकही हलत नाही, आणि वर मलाच सांगितले जाते की उगवण विरळ झाली ती बियाण्यामुळे.

यंदा मी दर ठरवतानाच अट घातली आहे. पहिले तास संपले की ट्रॅक्टर बंद करायचा, दोघांनी उतरून दाबलेल्या पट्ट्यावर चालायचे, टाच किती रुतते ते पाहायचे आणि पान्याचे जे काम निघेल ते तिथेच करायचे. हे ऐकून दोन चालकांनी काम नाकारले. तिसरा तयार झाला, पण एकरी दर वाढवून मागतो आहे, ‘जास्तीचं काम’ म्हणून!