आडनाव काय म्हणालात?

नवा माणूस भेटला की नुसतं नाव विचारून थांबू नका. नाव ही फार फसवी चीज आहे. समोरचा "अमोल" म्हणाला, तर त्यातून काय कळणार, कपाळ? चेहऱ्यावर जरा आपुलकी आणा आणि विचारा, "पूर्ण नाव?" तो "अमोल पाटील" म्हणाला की नवशिका माणूस इथेच गडबडतो. कारण पाटील कुणीही असतो. मराठा असतो, आगरी असतो, कोळी असतो, लिंगायत असतो, जैनही असतो. तेव्हा पुढची पायरी, "पाटील म्हणजे कुठले?" "सांगलीचे." "सांगलीत कुठं?" एवढ्यावरही गाडी अडली तर हुकमी पान टाका, "कुलदैवत कोणतं तुमचं?" हा प्रश्न भाविक वाटतो, त्यामुळे कुणी चिडत नाही. उत्तर आलं की "अच्छा, अच्छा" म्हणा. दोनदा म्हणायचं. एकदा म्हटलं तर नुसतं ऐकल्यासारखं वाटतं, दोनदा म्हटलं की माणूस खणात ठेवून खण बंद केल्याचा आवाज येतो.

सरकार अधूनमधून या विद्येत खोडा घालत असतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. घाबरू नका. आई आली, चांगलं झालं, तिला नमस्कार करा आणि डोळ्यांना सरळ चौथ्या शब्दावर उडी मारायची सवय लावा. त्याआधी २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांना असलेली जातींची नावं काढून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचं ठरलं. तिथेही मार्ग आहे. रिक्षावाल्याला "समता नगर" सांगा. तो मान वळवून म्हणेल, "म्हणजे तो जुना..." आणि पुढचा शब्द गिळेल. आपण म्हणायचं, "हां, तोच." शासन निर्णयाचा मान राहिला आणि पत्ताही सापडला.

'स्टिरिओटाइप' हा मुळात छापखान्यातला शब्द आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अक्षरांचे खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घ्यायचा, त्यात धातूचा रस ओतायचा आणि अख्ख्या पानाचा एक एकसंध पत्रा करायचा. खिळे पुढच्या कामाला मोकळे. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली हा शब्द छापखान्यातून उचलून माणसांच्या डोक्याला लावला. आपण त्याला ठसा म्हणू. पत्र्याची खुबी अशी की चूक दिसली तरी एखादा खिळा उपसून दुसरा बसवता येत नाही. हवी तितकी माणसं छापा, चूक तीच राहते आणि दरवेळी नव्याने जुळणी करायचा त्रास वाचतो. मद्रासी म्हटलं की चार-पाच राज्यं एका झटक्यात उरकतात. केवढी बचत!

"पण ठशात न बसणारा माणूस भेटला तर?" हा प्रश्न मला फार लोक विचारतात. उत्तर सोपं आहे, ठशाला हात लावायचा नाही, माणसाला अपवाद म्हणायचं. आमच्या ऑफिसात बिहारचा एक मुलगा आला. वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर, बोलायला मऊ, आणि वर्षभरात मराठी अशी शिकला की त्याचा 'ळ' आमच्या साहेबांच्या 'ळ'पेक्षा खणखणीत. आम्ही एकमताने ठरवलं, हा वेगळा आहे. चहाच्या वेळी त्याच्या तोंडावर सांगितलंही, "तू बिहारी वाटत नाहीस हां!" तो हसला. तो फार छान हसायचा. पुढे दुसरा आला, तोही वेगळाच निघाला. आज आमच्याकडे चौघे आहेत आणि चौघेही वेगळे आहेत. ज्याच्यापेक्षा हे सगळे वेगळे आहेत तो अस्सल बिहारी मात्र ऑफिसात अजून कुणाला भेटलेला नाही. पण तो आहे. नसता तर हे चौघे वेगळे कशाला ठरले असते?

एक पथ्य मात्र कडक पाळा. आपण काढतो ते निरीक्षण असतं, दुसरा काढतो तो अपमान असतो. हिंदी सिनेमात मराठी माणूस हवालदार आणि मराठी बाई धुणीभांडीवाली दिसली की आपलं रक्त उसळलंच पाहिजे. मुंबईत कुणी "घाटी" म्हणालं की उसळलंच पाहिजे. हा शब्द घाटावरून आलेल्यांसाठी मुंबईतल्या मराठी तोंडांतही होता, ही आठवण काढणारा घरभेदी समजावा. उसळून झालं की पाणी प्या आणि पूर्ववत "भय्या" म्हणून भाजीवाल्याला हाक मारा.

पुणेकरांचं मात्र कौतुक आहे. दुपारी एक ते चारचे विनोद ते स्वतःच पुढे पाठवतात. ठसा फुकटात पडत असला की माणूस तो मिरवतोसुद्धा. नागपूरकर आळशी, कोकणी माणूस कोर्टकचेरीवाला, असू दे, त्यातून कुणाचं घर बसत नाही.

तोच पत्रा पारध्याच्या पोरावर पडतो तेव्हा हिशेब बदलतो. ज्यांना शिकाऊ ठशांचा कंटाळा आला असेल त्यांनी हा सरकारमान्य नमुना अभ्यासावा. १८७१ साली इंग्रजांनी कायदाच केला, काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, हजेऱ्या घेतल्या. त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. पण आपण पत्रा सांभाळून ठेवला, ही आपली मेहनत. गावात चोरी झाली की पंचनाम्याची शाई वाळायच्या आत कुणाच्या पालांकडे गाडी वळते, हे कुठल्या कायद्यात लिहावं लागत नाही.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती आणि ही माणसं अनोळखी दिसत होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना जिवे मारलं. यावर मला सल्ला सुचत नाही. पुढे जातो.

घर भाड्याने घेण्याचा विषय राहिला. इथे सगळी विद्या पणाला लागते आणि जातीचा उच्चारही करावा लागत नाही. वीस वर्षांपूर्वी मी घर शोधत होतो तेव्हा एजंट म्हणाला, "मालक जातपात अजिबात मानत नाहीत हो. फक्त फॅमिली चांगली पाहिजे." मग आवाज खाली आणून, "व्हेज आहात ना?" मी "हो" म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती मालवणची. सामान हलवलं त्या दिवशी सुक्या बोंबलांची बरणी तिने आधी प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत, मग जुन्या चादरीत गुंडाळली आणि टेम्पोवाल्याच्या हाती न देता स्वतः छातीशी धरून तीन मजले चढली. जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "बाळ का?" ती म्हणाली, "देव आहेत." पुढे अकरा महिने आम्ही रविवारी खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून जेवलो. मालक खूश होते. म्हणायचे, "तुम्ही फार सात्त्विक माणसं."

पुढे त्याच सोसायटीत आम्ही घर विकत घेतलं आणि मी सेक्रेटरी झालो. भाडेकरूंचा फॉर्म आता माझ्याकडे येतो. त्यात पूर्ण नाव, मूळ गाव आणि 'आहार' असे तीन रकाने आहेत. तिसरा मीच वाढवला, आलेल्या तक्रारींमुळे.

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं आलं. मुलगा फॉर्म भरत होता. आहाराच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं, त्याने बायकोकडे बघितलं आणि 'शाकाहारी' लिहिलं. रविवारी त्यांचं सामान आलं. टेम्पोतून सगळं हमाल उतरवत होते, एक चादरीचं बोचकं तेवढं ती मुलगी कुणाच्या हाती देत नव्हती. दोन्ही हातांनी छातीशी धरून ती जिना चढत होती. मी दारातच उभा होतो.

"काय, देव वाटतं?" मी विचारलं.

ती दचकली. मग म्हणाली, "हो. देव."

"अच्छा, अच्छा," मी म्हणालो.