धाब्यावर गवत उगवतं म्हणून स्लॅबवर माती ओतू नका

‘आपल्या खान्देशातल्या धाब्याच्या घरांसारखी गच्चीवर नुसती माती टाका, गवत लावा, एसी विका’ असा मेसेज जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर फिरतोय. (धाबं म्हणजे मातीचं सपाट छत.) अर्धाच खरा आहे.

हिरवं छत गारवा देतं, यात वाद नाही. मातीचा थर ऊन अडवतो, पानांतून उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं, स्लॅब तापत नाही. पण फायदा मुख्यतः छताखालच्या मजल्याला. पंचेचाळीस अंशांत एसी विकायची घाई करू नका.

धाब्याचं उदाहरण तर उलटंच आहे. धाब्यावर पावसाळ्याआधी खारी माती पसरतात ती पाणी मुरू नये म्हणून. उगवलेलं गवत म्हातारी माणसं उपटून टाकायची, कारण मुळं गेली तिथून गळती.

आणि वजन! शेतातल्या मातीचा १० सेंटीमीटर थर भिजला की चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो. वापराच्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास. म्हणून आधी इंजिनिअरला विचारा. मग वॉटरप्रूफिंग, मुळं अडवणारा पडदा, निचऱ्याचा थर आणि कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचं) हलकं मिश्रण. वैशाखात पाणी मात्र घालावंच लागेल.