देवावर रुसायचं कोणी?

‘खोटं बोललास तर बाप्पा कान कापेल.’ ‘ताटात टाकलंस तर देव बघतोय हं.’ ‘देवासमोर असे पाय पसरून बसतात का?’

आपल्याकडे घरोघरी देवाची नेमणूक फौजदार म्हणून झालेली आहे. आईबापाचा धाक पुरेनासा झाला की वर तक्रार करायची. मीही याच धाकात वाढले, आणि त्याने माझं फार काही बिघडलं असंही नाही. पण घरात दोन लहान मुलं आल्यापासून हा फौजदार मला पटेनासा झालाय. मुलांना देवाची भीती घालणं आपण बंद करावं, हे माझं आता ठाम मत आहे.

धाकटा अडीच वर्षांचा आहे, दिवसभर पाळणाघरात असतो. संध्याकाळी आणायला जाते तेव्हा जाळीच्या दारातून मी आधी गुपचूप बघून घेते. साहेब गुमान बसून ठोकळे रचत असतात. नाक वाहतंय, एक मोजा गायब आहे, पण तक्रार म्हणून नाही. मी दिसले की क्षणभर हसतो आणि मग जे भोकाड पसरतो! चप्पल नको. कडेवर नको, खालीही नको. बिस्किट हवंय, पण ते मोडलंस कशाला, आता जोडून दे. मावशी बिचाऱ्या ओशाळतात. “दिवसभर इतका शहाण्यासारखा होता हो ताई, तुम्हाला बघितलं आणि बिघडला.”

जाऊबाईंचं निदान सोपं आहे: लाडावून ठेवलाय. मला तसं वाटत नाही. परक्यांत तो शहाणा असतो, कारण तिथे शहाणं राहिल्याशिवाय गत्यंतर नाही. दुपारी पडल्याचं, कुणीतरी गाडी हिसकावल्याचं, झोपेतून उठल्यावर आई न दिसल्याचं, सगळं रडू तो साठवून ठेवतो आणि जिथे ते खपणार याची खात्री आहे तिथे ओततो. त्याचा तमाशा हा त्याचा माझ्यावरचा विश्वास आहे. (भर रस्त्यात तो विश्वास झेलताना घाम फुटतो, ते सोडा.)

हे लक्षात आल्यापासून जनाबाई मला वेगळीच दिसू लागली. नामदेवांच्या घरची ही दासी विठ्ठलाला चक्क ‘विठ्या’ म्हणते, ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हणते. साक्षात पंढरीच्या राणाला! आणि तुकोबा? १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. पुढे त्यांनी विठ्ठलाला आई म्हणून हाका मारल्या, आणि ‘माझे लेखी देव मेला’ इथवर त्याच्याशी भांडणही केलं. फौजदाराशी कुणी असं बोलेल का? चौकीत माणूस हात जोडून, आवाज खाली ठेवून उभा राहतो. आपण मुलांना देवापुढे अगदी तसंच उभं राहायला शिकवतो आणि त्याला संस्कार म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात थोरलीला डेंगी झाला. पाच वर्षांची पोर. सलाइनसाठी शीर सापडत नव्हती म्हणून सिस्टरनी मला तिचा दंड घट्ट धरायला सांगितला. मी धरला. ती सिस्टरकडे बघतसुद्धा नव्हती. माझ्याकडे बघून ओरडत होती, “आई, तू नको ना धरूस!” त्याच दिवसांत फोनवर कितीतरी जणांनी समजूत घातली की देव परीक्षा बघतोय.

आता, कीर्तनात हा दाखला हमखास ऐकायला मिळतो की आई नाही का बरं व्हावं म्हणून लेकराला सुई टोचू देत, तसाच देव. दाखला अर्धाच खरा आहे. सुईच्या वेळी आई दंड धरते, पण डेंगी आईने दिलेला नसतो. लेकरू आपल्यावर किती प्रेम करतं ते बघायला त्याला तापात लोटणारी आई मी पाहिलेली नाही, आणि माझ्यासारखी चिडकी, दमलेली बाई जे करणार नाही ते देव करतो हे मी का मानावं? मग दुःख येतं कुठून, असं कुणी कॉमेंटमध्ये विचारेलच. तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण देव परीक्षा बघतो म्हणणाऱ्या नातेवाइकांपेक्षा देवाशी भांडणारे तुकोबा मला जास्त श्रद्धाळू वाटतात.

विठूला लेकुरवाळा म्हणणारा जनाबाईचा अभंग तर सगळ्यांना पाठ आहे. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, नामा करंगळी धरून. जत्रेत पोरं सांभाळलेल्या माणसालाच हे सुचेल. नामदेवांना चार मुलगे होते. ती पोरं जनाबाईच्याच अंगाखांद्यावर वाढली असणार, हा आपला माझा अंदाज. या चित्रात कुणाचंही प्रगतिपुस्तक तपासलेलं नाही, हे मला फार आवडतं. आणि चोखोबा तर देवाच्या जिवाबरोबर.

मुलांना घेऊन पंढरपूरला गेलो होतो तेव्हा महाद्वारापाशी, नामदेव पायरीच्या समोर, थोरलीला चोखोबांची समाधी दाखवली. हा अभंग ती घरी ऐकते, त्यामुळे नाव ओळखीचं. तिने सरळ विचारलं, “मग ते आत का नाहीत?” आत जाऊ देत नव्हते, म्हटलं. “कोण? विठोबा?” विठोबा नव्हे, माणसं. चोखोबांच्या लोकांना त्या दारातून आत जायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजी त्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दार उघडलं. मधे सहाशे वर्षं गेली. पाच वर्षांच्या मुलीला हे कसं सांगायचं ते सुचेना, पण तिचा हिशेब तयार होता: “विठोबाची आई रागवायला पाहिजे होती त्यांना.” तिला विठोबालाच आई म्हणायचं असावं. मी दुरुस्त करायला गेले नाही.

लेकरांतल्या एकाला उंबऱ्याबाहेर ठेवून बाकीच्यांनी आईच्या पाया पडायचं, हे जमायला आधी आईचा फौजदार करावा लागतो. फौजदाराच्या दारात कोण आत, कोण बाहेर, याचे नियम चालतात. म्हणून ‘बाप्पा कान कापेल’ ही मला नुसती गंमत वाटत नाही.

सासूबाईंना यातलं निम्मं पटतं. गणपतीत आरतीच्या आधीच धाकट्याने नैवेद्याच्या मोदकाचं नाक खाल्लं, तेव्हा कान कापण्याची भाषा त्यांनी केली नाही. गुपचूप मोदक बदलला. पण वादाला त्या खमक्या आहेत. परवा म्हणाल्या, “देवाचा धाक काढून टाकलास, तर ही पोरं घाबरणार कुणाला?”

मी म्हटलं, मी आहे की.

“तुला? तुला या घरात कोण घाबरतंय गं?”