पंधरा दिवसांत ग्रूमर होता येत नाही

"ताई, मला कुत्री खूप आवडतात, ग्रूमिंगचा कोर्स करायचाय, पंधरा दिवसांचा चालेल का?" असे मेसेज सारखे येतात. मी कुत्र्यांचं ग्रूमिंग करते, म्हणजे त्यांना अंघोळ घालणं, विंचरणं, केस कापणं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमत नाही, म्हणून इथे लिहितेय.

चालणार नाही. कोर्स जरूर करा, पण त्यानंतर वर्षभर एखाद्या जाणत्या ग्रूमरच्या हाताखाली नुसती अंघोळ घाला, वाळवा, विंचरा. कात्रीची घाई नको. खरं शिक्षण त्या ओल्या कुत्र्यावरच होतं. अंगभर हात फिरला की कानातली गोचीड, बोटांच्या बेचक्यातली लाली, कातडीखालची गाठ सापडते. अंडरकोट, म्हणजे आतले दाट मऊ केस, मुळापर्यंत वाळला नाही, तर पावसाळ्यात त्याच जागी कातडी चिघळते. केसांत गुंता असेल तर तो पाण्याआधी सोडवायचा, कारण भिजला की आणखी घट्ट बसतो.

आणि कुत्री आवडतात म्हणता, पण टेबलावर आलेलं कुत्रं लाड करून घ्यायला आलेलं नसतं. ते घाबरलेलं असतं. ओठांवरून जीभ फिरतेय, झोप नसताना जांभया येताहेत, अंग ताठ झालंय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, एवढं दिसलं की आपला हात थांबला पाहिजे. गुरगुरलं म्हणून दटावू नका. दटावून गुरगुरणं बंद केलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.

सगळ्यात जास्त कस लागतो तो जटा झालेल्या शित्झूवर, म्हणजे त्या लांब केसांच्या छोट्या कुत्र्यावर. वरून केस छान मऊ दिसतात. कंगवा मुळापर्यंत घातला की कळतं, कानामागे, काखेत, मांडीच्या सांध्यात नमद्यासारखा थर जमलाय. त्या थराने कातडी वर ओढलेली असते. अशी जट कात्रीने कापायला गेलात, तर केसांबरोबर कातडीही कापली जाते. तिथे केस कापायच्या मशीनचं दहा नंबरचं ब्लेड कातडीला लावून जटेखालून हळूहळू न्यावं लागतं, आणि ब्लेड तापलंय का हे मधेमधे स्वतःच्या मनगटावर बघावं लागतं. खाली लाल, ओलसर कातडी निघते. मग घरचे म्हणतात, "अहो, टक्कल का केलंत?" म्हणून मशीन लावण्याआधी त्यांना जट हाताने चाचपायला लावायची, खाली काय निघू शकतं ते सांगायचं आणि मगच सुरुवात करायची.

गिऱ्हाइकाला नाही म्हणणं हाही या कामाचाच भाग आहे. उन्हाळा आला की हस्की, गोल्डन, पोमेरेनियनला "पूर्ण मशीन मारा" म्हणून लोक येतात. मी मारत नाही. तो दुहेरी कोट उन्हापासूनही जपतो, आणि एकदा भादरला की पुन्हा नीट येईलच असं नाही. पगला गरम हवेच्या बंद पेटीत वाळवायला ठेवणं तर जिवावर बेतू शकतं, चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही. "थोडं गुंगीचं औषध द्या ना" म्हणणाऱ्यांना सरळ प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा. ते आपलं काम नाही.

पाठ, मनगटं दुखतात. नाकातोंडात केस जातात, मास्क लावाच. शनिवार-रविवार आपला नसतो. सुरुवातीला पगार मदतनिसाचाच मिळतो, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

आपल्याकडे या कामासाठी सरकारी परीक्षा सक्तीची नाही, त्यामुळे भिंतीवरचं प्रमाणपत्र बहुधा ज्या त्या संस्थेचंच असतं. फी भरण्याआधी तिथे विचारा: शिकताना प्रत्यक्ष किती कुत्री हाताखालून जातात? आणि चावलं तर काय करता? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे बघा. शिवाय कामाला लागण्याआधी डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. ती घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पुढची इंजेक्शनं चुकवायची नाहीत. कुत्रं घरचं आहे, ओळखीचं आहे, म्हणून थांबू नका.