सक्तीच्या शिक्षणाचा कायदा महत्त्वाचा का? एक खुलासा

बडोद्यातल्या मराठी मंडळींत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव गायकवाड यांचा १९०६ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा इतिहासात मोठा, कारण तो महाराजांनी केला. हे बरोबर नाही. हुकूम तर कितीतरी निघत! इतिहासकार पाहतात ते वेगळं: किती घरांचं जगणं बदललं, परिणाम किती टिकला, त्या काळाबद्दल काय कळतं. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग, मग संस्थानभर सक्ती; १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्यात, ब्रिटिश सरकारच्या केंद्रीय कायदेमंडळात, असंच विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला. शिवाय प्रश्न बदलला की महत्त्वही बदलतं. शेतात राबणाऱ्या मुलांबद्दल विचाराल, तर गैरहजेरीसाठी पालकांना झालेल्या दंडाच्या नोंदी कायद्याहून अधिक मोलाच्या ठरतात.