अंगठ्याला कुलूप

आमच्या आईचा अंगठा मी ऑगस्टमध्ये कुलूपबंद केला आणि नोव्हेंबरपर्यंत ते साफ विसरून गेलो.

माझ्या भित्रेपणाला इतिहास आहे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं, तेव्हा आम्ही साताऱ्यात ती बातमी चहाबरोबर वाचून सोडून दिली होती. पुढे आम्हीही रांगेत उभे राहिलो, दहा बोटं दिली, डोळे वटारून फोटो दिला. त्या फोटोवरून मला घरचेही ओळखत नाहीत. माझ्या आधारात गोपनीयता म्हणून आहे ती एवढीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ॲटर्नी जनरलनी सांगितलं की ही माहिती १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतींच्या आड आहे. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, त्यामुळे भिंतींबद्दल मला आदर आहे. पण किल्ल्याचा दरवाजा बहुतेक वेळा आतूनच उघडतो, हेही शाळेत शिकलोय.

आमच्या गल्लीतला दरवाजा म्हणजे झेरॉक्सचं दुकान. तिथला पोरगा "व्हॉट्सॲप करा" म्हणतो आणि त्याच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या पेठेची आधारकार्डं एकाखाली एक उघडी पडलेली असतात. बिघडलेल्या प्रती मशीनखाली साठवतो आणि त्यांच्या पाठीवर बिल लिहून देतो. माझ्या चौदा रुपयांच्या बिलामागे एका आजींचा जन्मदिनांक होता. मी तो कागद घरी आणून बारीक फाडला. बायको म्हणाली, "आजींना कळवा, बरं वाटेल त्यांना."

गेल्या महिन्यात मी त्याला माझी ई-आधारची फाइल पाठवली. तिला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि पुढे जन्मसाल. दुकानात सातआठ माणसं होती, म्हणून मी पुढे वाकून कुजबुजणार, तोवर त्याने नाव टाइप केलंसुद्धा. मग माझ्या डोक्याकडे एकवार पाहिलं आणि '१९६८' हाणलं. उघडेना. '१९७०' टाकलं. उघडेना. "काका, नक्की किती?" मी म्हटलं, चौऱ्याहत्तर. सगळं दुकान माझ्याकडे वळलं. पासवर्ड फुटल्याचं दुःख मी पचवलं असतं, पण '१९६८' हे काही अजून पचलेलं नाही.

मी झाकलेलं आधारही वापरून पाहिलं. त्यात पहिले आठ आकडे दिसत नाहीत, शेवटचे चारच दिसतात. कोकणातल्या एका लॉजच्या मॅनेजरने ते उजेडात धरलं. "साहेब, प्रिंटरची शाई संपली होती काय?" मी त्याला समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहायला पूर्ण नंबर विचारला. बाहेर पाऊस होता आणि पोराला ताप. मी नंबर सांगितला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने मोबाइलला आधार जोडायची सक्ती काढली, तो निकाल मी जवळजवळ पाठ केलाय. सिमकार्डवाल्याने केलेला नाही. मे २०२२ मध्ये तर आधारवाल्यांच्याच बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की झेरॉक्स कुणालाही देत बसू नका, आणि दोन दिवसांत ते मागेही घेतलं गेलं. ते दोन दिवस मी गल्लीतून ताठ मानेने फिरलो.

तर, ऑगस्ट. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलायचे, त्यांच्या रबरी नकला करायच्या आणि त्या यंत्रावर दाबून दुसऱ्याच्या खात्यातले पैसे काढायचे, असे प्रकार मी वाचले. त्यात ओटीपी लागतच नाही. नुसता अंगठा. आईने दोन वर्षांपूर्वी वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. मी रात्री अकरा वाजता उठून तिची बायोमेट्रिक्स ॲपवरून लॉक केली. मग वडिलांना, म्हणजे अण्णांना, समोर बसवलं. बजावलं, "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. माझ्या आवाजात फोन आला तरी नाही. हल्ली आवाजाचीही नक्कल करतात."

अण्णा एसटीत कंडक्टर होते. पास घरी राहिला म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला उंब्रजला उतरवलं होतं. त्यांना सूचना दोनदा द्यावी लागत नाही.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. आपण जिवंत आहोत हे सरकारला दर वर्षी एकदा कळवते. सेवा केंद्रात पोराने तिचा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. तर्जनी. लाल दिवा. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं आणि ते न वाचता बंद करण्यात त्याचा हात बसलेला होता. "आजींच्या रेषा गेल्यात," तो म्हणाला. छत्तीस वर्षं खडू धरलेली बोटं, जातीलच. मग रांगेने उपचार सुरू केले. कुणी म्हणालं बोट केसांवर घासा, कुणी व्हॅसलीन काढून दिलं, एका काकूंनी बाटलीतल्या पाण्याने आईचा हात धुऊन पदराने पुसला. पोराने यंत्रावर फुंकर मारली. आई म्हणाली, "अरे, मी समोर बसलेय ना? विचार की मला, जिवंत आहेस का म्हणून."

पाऊण तासाने पडद्यावरचं ते इंग्रजी मी वाचलं. त्यात 'लॉक' हा शब्द होता.

माझ्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला आईने बरोबर ओळखला. छत्तीस वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडल्यात तिने. "काय केलंस?" म्हणाली. मी तिच्या कानात सांगितलं. ती काही बोलली नाही. व्हॅसलीनची डबी तेवढी त्या बाईंना परत केली.

कुलूप उघडायला ओटीपी हवा. तो जाणार आईच्या फोनवर, आणि फोन घरी फ्रिजवर चार्जिंगला. मी ओटीपी मागवला आणि अण्णांच्या मोबाइलवर फोन लावला.

"अण्णा, आईच्या फोनवर मेसेज आलाय बघा. त्यातला नंबर सांगा."

"कोण बोलतंय?"

"मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?"

ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटांचं. त्यातली चार मी अण्णांचा मुलगा असल्याचं पटवण्यात घालवली. आई शेजारी आहे म्हटलं, तर म्हणाले, "ते कुणीही म्हणेल." फोन आईकडे दिला, तर म्हणाले, "आवाज हुबेहूब काढलाय हो." शेवटी त्यांनी स्वतःच मार्ग काढला.

"दहावीला गणितात किती मार्क होते ते सांग. आमच्या मुलाला ते माहीत आहे."

इथे सांगायला हवं की माझा मुलगा यंदा दहावीला आहे, आणि घरी माझे गणिताचे मार्क दीडशेपैकी एकशे सोळा आहेत. गेली पंधरा वर्षं तेच आहेत. आणि रांगेत माझ्यामागे तिसरे, आपल्या वडिलांना घेऊन, मुलाच्या गणिताच्या क्लासचे सर उभे होते.

"त्रेपन्न," मी पुटपुटलो.

"ऐकू येत नाही. मोठ्याने."

"त्रेपन्न!"

केंद्रात एकदम शांतता पसरली. पोरगाही की-बोर्डवरून हात काढून बसला. अण्णांनी आकडे एकेक करून सांगितले, मी टाकले, कुलूप उघडलं. आईने अंगठा टेकवला आणि पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा लागला. रांगेतल्या एकदोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आईने पदर सारखा केला, पावतीवरचं स्वतःचं नाव चष्मा लावून तपासलं, आणि उठता उठता, वही तपासताना लाल पेनने खूण करावी तशा आवाजात म्हणाली,

"त्रेपन्न कुठले? पन्नास होते. वरचे तीन ग्रेसचे."

रात्री जेवताना चिरंजीवांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातून मान वर न करता विचारलं, "पप्पा, ग्रेस म्हणजे काय हो?"