तीन लोंब्या आणि एक पेनड्राइव्ह

दिवाळीत भाचीने नवा लॅपटॉप घेतला. पंधरा हजारांच्या आतला, पातळ, दिसायला झकास. तिला मराठी टंकलेखनाची शासकीय परीक्षा द्यायची आहे. क्लासवाल्या सरांनी सरावाचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर दिलं आणि लॅपटॉपने ते घ्यायलाच नकार दिला. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन दुकानातलं अ‍ॅप असेल तरच चालेल, असा निरोप पडद्यावर. चंद्रपूरच्या नागभीड तालुक्यातून त्याचा फोटो इकडे जर्मनीत, कीलला, माझ्याकडे आला, खाली प्रश्न: "मामा, माह्या पैशाचा लॅपटॉप, मंग मलेच नाही कायले म्हणते?"

दुकानदाराने 'लॉक खोलायचे' पाचशे रुपये घेतले. ते कुलूप सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत निघतं, फुकट. मी हे सांगेपर्यंत पाचशे गेले होते.

मग घरच्या ग्रुपवर वाद पेटला. मी लिहिलं, विंडोजऐवजी लिनक्स टाका; ती फुकट, खुली प्रणाली आहे, कंपनीच्या कुलपातून स्वातंत्र्य मिळेल. भाऊजी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. त्यांनी लगेच ऐकवलं, "तिकडे बसून सांगणं सोपं आहे. इथे एमएस-सीआयटी विंडोजवर, पंचायत समितीतलं काम विंडोजवर, आणि विंडोजची क्रॅक कॉपी तीनशेत टाकून मिळते. तुमचं ते स्वातंत्र्य आमच्याकडे आधीपासूनच आहे."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मी राहतो त्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या सरकारने एप्रिल २०२४मध्ये ठरवलं की कार्यालयांतले सुमारे ३०,००० संगणक मायक्रोसॉफ्टवरून लिब्रेऑफिसवर (वर्ड-एक्सेलची कामं करणारं फुकट, खुलं सॉफ्टवेअर) आणि पुढे लिनक्सवर न्यायचे. पैसा वाचतो हे खरं, पण इथे जास्त बोललं जातं ते आपल्या फायली कुणाच्या ताब्यात आहेत यावर. ही बातमी ग्रुपवर टाकायला हात शिवशिवत होते. पण त्याच जर्मनीत म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सची वाट धरली, पुढे हजारो संगणक बदलले, आणि २०१७मध्ये नगरसेवकांनी पुन्हा विंडोजच्या बाजूने कौल दिला. तेही पगारी तंत्रज्ञांची फौज हाताशी असताना. आमच्याकडे झेरॉक्सच्या दुकानामागे स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेला एकच दादा आहे. तेव्हा कीलचं उदाहरण जसंच्या तसं नागभीडला लावणं म्हणजे धानाच्या बांधीत सफरचंद लावण्यासारखं.

पण भाऊजी चुकतात ते वेगळ्या ठिकाणी. क्रॅक चालते ती उघड्या यंत्रावर. जुने जाडजूड लॅपटॉप चार स्क्रू काढले की उघडायचे. रॅम वाढवा, डिस्क बदला, हवं ते टाका. इथल्या रिपेअर कॅफेत, म्हणजे लोक बिघडलेल्या वस्तू दुरुस्तीला आणतात तिथे, मी शनिवारी बसतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. त्यामुळे आजी-आजोबा धडधाकट यंत्रं पिशवीत घालून आणतात. लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) टाकलं की चार जीबी रॅमवरही ती कामाला लागतात. भाचीच्या कोऱ्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाखलेली, ६४ जीबीची साठवणही डाखलेली. आज आहे तेवढंच जन्मभर. क्रोमबुक या गूगलच्या प्रणालीवरच्या लॅपटॉपची तऱ्हा तर अशी की कुलूप काढणारा डेव्हलपर मोड उघडला तर दरवेळी सुरू करताना इशारा येतो, आणि घरातल्या कुणी त्यात सांगितलेली कळ दाबून होकार दिला की आतलं सगळं साफ. लहान भावंडं असलेल्या घरात हे किती दिवस टिकेल? मोबाइलच्या चिपवर चालणाऱ्या काही स्वस्त यंत्रांत तर दुसरी प्रणाली टाकायची वाटच ठेवलेली नसते. तिथे क्रॅकही नाही आणि लिनक्सही नाही. तीनशेवालं स्वातंत्र्य तिथे संपलं.

हे सगळं लिहिताना मला आठवतात ते आमच्याच तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. (मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, हे इथल्या मराठी मंडळींनाही दरवेळी सांगावं लागतं.) १९८३मध्ये त्यांना पटेल-३ या धानात तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडून वाढवल्या, शेजाऱ्यांना दिल्या. व्यापाऱ्याने बियाणं नेलं आणि तेव्हाच्या फॅशनच्या घड्याळावरून एचएमटी नाव देऊन विकलं. कृषी विद्यापीठाने शुद्ध करून पीकेव्ही-एचएमटी काढलं. दादाजींच्या वाट्याला श्रेय आलं ते खूप उशिरा, आणि पैसा त्याहून कमी. २०१८मध्ये ते गेले.

त्याच १९८३च्या सप्टेंबरात अमेरिकेत प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला. आपलं इतरांना वाटून द्यायचं दोघांनाही होतं. फरक कागदाचा. स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्यात, तो १९८९चा आणि लिनक्सलाही लागू असलेला, लिहिलेलं आहे: घ्या, बदला, विका सुद्धा, पण पुढच्याला तेच हक्क सोर्स कोडसकट (प्रोग्रामच्या मूळ लिखाणासकट) द्या आणि मूळ कर्त्याची नोंद पुसू नका. दादाजींच्या पिशवीवर असा कागद नव्हता. शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा आणि वाटण्याचा हक्क देणारा आपला कायदाही आला तो २००१मध्ये.

म्हणून माझं भाऊजींना एवढंच म्हणणं आहे की प्रत्येक शाळेत लिनक्स टाका असं नाही. पण सरकारी पैशातून यंत्रं घ्याल तेव्हा निविदेत एक ओळ घाला: मालकाला कुलूप काढता येईल, दुसरी प्रणाली टाकता येईल, आणि त्यामुळे वॉरंटी जाणार नाही. आणि सरकारच परीक्षा घेतं तर तिचं सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालायला हवं. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून लिनक्सवर शिकवतात. जर्मनी म्हटल्यावर गप्प बसलेले भाऊजी केरळ म्हटल्यावर जरा नरमले. "पाहू," म्हणाले.

भाचीच्या लॅपटॉपवर आता दोन्ही आहे. क्लासपुरतं विंडोज, एरवी पेनड्राइव्हवरचं लिनक्स, त्यात मराठी टंकलेखनाचा इन्स्क्रिप्ट कळफलक आयताच मिळाला. ते लिनक्स सुरू होतं कारण त्याच्या बूटलोडरवर (प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) मायक्रोसॉफ्टची सही आहे, म्हणजे किल्ली अजून त्यांच्याच कमरेला. असो. पेनड्राइव्ह तिने झेरॉक्सवाल्या दादाला दाखवला. आठवडाभरात त्याने पाटी लावली: 'लिनक्स टाकून मिळेल, ३०० रु.' क्रॅकचाच भाव.

"मामा, तुम्ही तं फुकट म्हणत होते!" भाचीचा मेसेज. मी कळवलं, पैसे घ्यायला परवान्याची मनाई नाही, पण तू मागितलास तर त्याने कोड द्यायला हवा. तिने जाऊन खरंच मागितला.

तो म्हणाला, "कोणता कोड? ओटीपी का?"